खुर्चीच्या पायातला आजार

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मागचे पालक बाकांवर उभे होते, त्यांच्याही मागचे खिडकीच्या गजांना धरून लोंबकळत होते, आणि सगळ्यांची नजर खिळली होती एका निळ्या प्लास्टिकच्या टबावर. घरी आपण कपडे भिजवतो तसलाच टब. त्यात चौथीतल्या एका मुलाचे पाय बुडवलेले, पायांच्या मधोमध एक भोकाभोकांचं काळं डबडं, आणि डबड्यातून निघालेली वायर पांढऱ्या कापडाने झाकलेल्या पेटीत गेलेली. पेटी नुसती गुणगुणत होती.

दोन मिनिटांत पाणी पिवळट झालं. पाच मिनिटांत विटकरी. दहाव्या मिनिटाला मुलाच्या घोट्यांभोवती गटारातल्यासारखा तपकिरी गाळ फिरायला लागला. त्यावर फेस, फेसात काळे कण. मुलाच्या आईने तोंडावर हात धरला.

"घाबरू नका," निर्मळदादा मऊ आवाजात म्हणाले. "हे सगळं आत होतं. आता बाहेर आलंय. पाण्याला खोटं बोलता येत नाही."

निर्मळदादा हे काही जटा वाढवलेले बुवा नव्हते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, चाळिशीतला हसरा चेहरा, तोंडात 'पेशी', 'ऊर्जा', 'शुद्धी' असले शब्द. मधूनच ते 'विज्ञान' म्हणत आणि शिकलेल्या पालकांच्या माना आपोआप डोलत. फेस दिसला की तो कफ. नारिंगी रंग म्हणजे यकृत. काळे कण म्हणजे जुना ताप, जो गेला असं डॉक्टर सांगतात पण जो हाडांच्या आड लपून बसलेला असतो. दादांकडे प्रत्येक रंगासाठी एक अवयव तयार होता. उद्या पाणी जांभळं झालं असतं, तर त्यालाही त्यांनी पोटात कुठेतरी जागा करून दिली असती.

सभागृहाच्या दाराशी शाळेची सिस्टर उभी होती. पांढरा गणवेश, काखेत औषधपेटी. पालक आत येताना तिच्याकडे बघून ओळखीचं हसत होते, कारण दारावरच्या मोठ्या फलकावर दादांच्या फोटोखाली तिचीच सही छापलेली होती.

ती सही तिने केली होती हे खरंच होतं. शाळेच्या मुख्याध्यापिकांना, सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणत त्यांना, एका महिन्याचे आकडे हवे होते. आधीच्या महिन्यात तापाने, जुलाबाने आजारी पडलेली एकसष्ट मुलं. या महिन्यात चौदा. सिस्टरने नोंदवही पाहून लिहून दिलं, खाली सही केली आणि विसरून गेली. आठवड्याने तोच कागद मोठा होऊन दारावर लागला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शाळेच्या परिचारिकेची कबुली'.

ती धावत मोठ्या बाईंकडे गेली. आजार का कमी झाले ते तिने बोटांवर मोजून सांगितलं. दोन वर्षं मागे लागून तिने त्याच महिन्यात पाण्याची टाकी घासून घेतली होती. हात धुवायच्या नळांपाशी साबण ठेवला होता. शिवाय उपचार पूर्ण झाल्यावर दादा बांधत तो पांढरा पट्टा मनगटावर असल्याशिवाय वर्गात यायचं नाही असा नियम झाल्यापासून आजारी मुलं घरीच राहत होती. शाळेत आलीच नाहीत, तर नोंदवहीत येणार कशी?

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "आकडे खोटे आहेत का?"

"नाहीत."

"सही तुमची आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर." आणि त्यांनी सहज आठवण करून दिली की सिस्टरची नेमणूक दर वर्षी नव्याने होते आणि हे वर्ष संपायला तीनच महिने उरलेत. पालक किती खूश आहेत, पुढच्या वर्षीचे प्रवेश किती वाढलेत, तेही सांगितलं. वर उपचाराच्या वेळी टबाशेजारी गणवेशात उभं राहायचं काम तिच्याच गळ्यात मारलं.

दादांची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक मुलाला सात दिवस सात पाणी. पहिल्या दिवशी गाळ, दुसऱ्या दिवशी गाळ, हळूहळू रंग फिका, आणि सातव्या दिवशी तेच डबडं, तोच टब, तेच पाय, पण पाणी आरशासारखं स्वच्छ. त्या स्वच्छ पाण्याकडे बघून आया रडत. मग मनगटावर पांढरा पट्टा. अट एकच होती. सात पाण्यांपासून पुढे चाळीस दिवस कुठलंही औषध घ्यायचं नाही. औषधाने म्हणे आतली दारं बंद होतात.

सिस्टरचा जीव याच अटीपाशी अडकला होता, कारण तिच्या घरातच एक मूल औषधावर होतं.

तिची धाकटी जाऊ, दीर आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी त्याच घरात, भिंतीपलीकडच्या खोलीत राहत. मुलगी एका जागी म्हणून बसत नसे, त्यामुळे तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरीला दमा होता. रोज सकाळ-संध्याकाळ पंपाचे दोन पफ घेतले की ती घरभर हुंदडायची. चुकले की चारेक दिवसांत छातीत शिट्टी वाजायला लागायची. त्या पंपाची जावेला लाज वाटे. लोक बघतात, उद्या मुलगी मोठी होईल, जन्मभर हे तोंडाला लावून फिरणार का, असं ती म्हणे. सातव्या दिवशी भिंगरीचं पाणी स्वच्छ निघालं आणि जावेने पंप उचलून कचऱ्यात टाकला.

सिस्टरने समजावलं, मग भांडली. जाऊ शांतपणे म्हणाली, "ताई, तुमचीच सही आहे ना खाली? मग घरात वेगळं का बोलता?" सासूबाईंनी धाकटीची बाजू घेतली. नवऱ्याने सिस्टरला खोलीत नेऊन सांगितलं की दुसऱ्याच्या मुलीच्या बाबतीत आपण पडू नये आणि तुझ्या नोकरीचंही बघ जरा. ती गप्प बसली. पण भिंत पातळ होती. चौथ्या दिवसापासून पलीकडचा खोकला तिला ऐकू यायला लागला आणि आपण घरात कोंडले गेलोय असं तिला वाटायला लागलं. बोलावं तर सही आडवी येते. न बोलावं तर ती शिट्टी कानात घुसते.

शेवटी तिने चोरवाट काढली. शाळा भरताना आणि सुटताना ती भिंगरीला आजारी मुलांच्या खोलीत बोलवायची, दार लावायची आणि डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर आणलेल्या नव्या पंपाचे दोन पफ द्यायची.

"आईला सांगायचं नाही का, मोठीआई?" भिंगरीने पहिल्या दिवशी विचारलं.

"इतक्यात नको."

"मग हे खोटं झालं ना?"

सिस्टरने तिच्या पाठीवर हात फिरवला.

भिंगरीचा खोकला थांबला. घरात सगळ्यांना आनंद झाला, सिस्टरलाही झाला, आणि त्यातून पुढे काय होणार हे तिच्या लक्षातच आलं नाही. पुढच्या पालकसभेत जाऊ स्वतःहून व्यासपीठावर चढली. आयुष्यात चार माणसांत कधी तोंड न उघडलेली बाई माईक हातात घेऊन सांगत होती की माझ्या मुलीचं औषध बंद करून चोवीस दिवस झाले, एकदाही धाप लागली नाही, आणि आमच्या घरात स्वतः सिस्टर आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत झालंय हे सगळं. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. सगळ्यांनी माना वळवून दाराकडे पाहिलं. सिस्टर औषधपेटी छातीशी धरून उभी राहिली. खरं बोलावं तर भर सभेत जाऊ तोंडावर पडणार, घर फुटणार, आणि उद्यापासून भिंगरीचा पंप पुन्हा बंद. ती हसली. नंतर कितीतरी दिवस तिला त्या हसण्याची आठवण नकोशी व्हायची.

नऊ दिवसांनी, मधल्या सुट्टीनंतर, जिन्यातून किंकाळ्या आल्या. सिस्टर धावली. सातवीतली एक मुलगी पायऱ्यांवरून खाली कोसळली होती, तिचं अंग झटके देत होतं, कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरत होतं. सिस्टरने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात ठेवला, मुलांना मागे सरायला सांगितलं, घड्याळाकडे पाहत राहिली. चार मिनिटांनी झटके थांबले. या मुलीला फिटची गोळी चालू असल्याची नोंद सिस्टरच्या वहीत होती, आणि तिचं मनगट उचललं तेव्हा त्यावर पांढरा पट्टा होता.

कपाळाला सात टाके पडले. मुलगी वाचली. दवाखान्याच्या बाकावर तिची आई बसली होती. शिवणकाम करून घर चालवणारी बाई, बोटांना अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. ती ओरडली असती तर सिस्टरला बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "गोळी बंद करायला मी तयार नव्हते हो. पण तुमच्या घरातल्या मुलीला गुण आला म्हणून ऐकलं. सिस्टरच्या घरात खोटं कसं असेल, असं वाटलं."

सिस्टर तिच्या शेजारी बसली आणि सगळं सांगून टाकलं. पंप, बंद दार, पफ. बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती एवढंच म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? त्या सगळ्यांना सांगा."

पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. लोकांनी पाणी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी टबाशेजारी उभं राहून सिस्टरने पहिल्यांदाच दादांच्या चेहऱ्याऐवजी त्यांच्या हातांकडे पाहिलं. उपचार सुरू करताना दादा डोळे मिटून एका चपट्या डबीतली चिमूट पाण्यात सोडत. त्याला ते 'जीवनक्षार' म्हणत. पहिल्या दिवसाच्या मुलांना चांगली मोठी चिमूट पडत होती. सातव्या दिवसाच्या मुलीच्या वेळी डबी उघडली, हात फिरला, पण बोटांतून काही पडलं नाही. पाय पाण्यात जायच्या आधी, टब सरळ करायच्या निमित्ताने, सिस्टरने दोन्ही पाण्यांत बोट बुडवून जिभेला लावलं. जुलाब झालेल्या मुलांसाठी मीठ-साखरेचं पाणी करण्यात तिची अर्धी नोकरी गेली होती. पहिलं पाणी खारट होतं. सातव्या दिवसाचं सपक.

ती थेट विज्ञानाच्या सरांकडे गेली. प्रयोगशाळेत सरांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, मीठ टाकलं, दोन लोखंडी खिळे सोडले आणि ते बॅटरीला जोडले. थोड्या वेळात पेल्यात तोच विटकरी गाळ, तोच फेस. दुसऱ्या पेल्यात तेच गाळणी यंत्राचं पाणी, जे दादांच्या टबात जायचं, पण मीठ नाही. ते जवळजवळ तसंच राहिलं.

"तुम्हाला माहीत होतं," सिस्टर म्हणाली.

सर खिळे पुसत होते. "पहिल्या दिवसापासून. पण मला कुणी विचारलं नाही." मग त्यांनाच ते उत्तर टोचलं असावं. "मीही विचारायची वाट बघत बसलो, सिस्टर. मोठ्या बाईंची भीती मलाही आहे."

शनिवारी पुन्हा सभा भरली. दादांनी टब मांडला, मोठी चिमूट सोडली, पेटी चालू केली आणि पहिलीतल्या एका मुलाला पुढे बोलावलं. तेवढ्यात सिस्टर दारातून निघून व्यासपीठावर चढली. माईक न घेताच तिने सांगितलं की भिंगरी औषधाशिवाय बरी झालेली नाही, तिला रोज दोन वेळा औषध मिळत होतं, ते मी चोरून देत होते, आणि माझ्या गप्प बसण्यामुळे एक मुलगी जिन्यावरून पडली. पुढच्या रांगेत जाऊ बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे सिस्टरने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलताच आलं नसतं.

मोठ्या बाई उठल्या. त्यांनी सिस्टरला खाली उतरायला सांगितलं. तेव्हा गर्दीतून ती शिवणकाम करणारी बाई उभी राहिली. "बोलू द्या त्यांना," ती म्हणाली. "माझ्या मुलीचे टाके अजून निघालेले नाहीत."

मोठ्या बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. दादा हसत म्हणाले की सिस्टरचं मन थकलेलं दिसतंय, त्यांनाही एक पाणी देऊ या, फक्त यंत्राला कुणी हात लावू नये, ते माझ्या ऊर्जेशिवाय चालत नाही.

"तुम्हीच चालवा," सिस्टर म्हणाली. "मी फक्त पाय बदलते."

आणि मोठ्या बाई उठल्यामुळे मोकळी झालेली लाकडी खुर्ची तिने उचलली, तिरकी केली आणि तिचा एक पाय टबात बुडवला.

कुणी हसलं, कुणी श्श केलं. मग सगळे बघत राहिले. दादांनी पेटीकडे हात नेला, पण शेकडो डोळे त्या हातावर होते. तो परत मागे आला. पाणी पिवळट झालं. विटकरी झालं. खुर्चीच्या पायाभोवती फेस जमला, फेसात काळे कण.

"खुर्चीला कावीळ झालीय," मागून कुणीतरी म्हणालं आणि सभागृहात हशा पिकला.

दादा डगमगले नाहीत. लाकूड म्हणजे एकेकाळचं झाड, झाडातही प्राण असतो, त्याचेही रोग असतात, असं त्यांनी तितक्याच मऊ आवाजात समजावायला घेतलं. तेव्हा एक सुतार पालक उठले. ते म्हणाले की ही खुर्ची गेल्या वर्षी मीच दुरुस्त केलीय. हिला वाळवी लागली होती खरी, पण कफ असल्याचं आठवत नाही.

हसू ओसरायच्या आत सिस्टरने दुसऱ्या टबात ताजं पाणी ओतलं, स्वयंपाकघरातलं साधं मीठ टाकलं, दादांचं डबडं त्यात ठेवलं. पाय कुणाचाच नाही, माणसाचा नाही आणि खुर्चीचाही नाही. बिनपायांच्या टबातही तोच गाळ तयार झाला. मग विज्ञानाचे सर उठून आले. ते आले, हेच सिस्टरला खूप वाटलं. त्यांनी ते डबडं उलटं केलं, आतल्या लोखंडी पट्ट्या दाखवल्या आणि पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं: खारट पाण्यातून वीज सहज जाते, ती गेली की लोखंड झिजून गंजतं, तो गंज म्हणजे तुमचं यकृत. फेस पाण्यातून निघालेल्या वायूचा. काळे कणही लोखंडाचेच. मीठ कमी केलं की रंग फिका, मीठच घातलं नाही की सातव्या दिवशीचं निर्मळ पाणी.

दादांनी श्रद्धेबद्दल दोन वाक्यं बोलून पेटी आवरली. काही पालक त्यांच्यामागे बाहेरपर्यंत गेले, आणि ते सगळेच भांडायला गेले होते असं नाही.

त्या दिवशी सिस्टर मोकळी झाली असं म्हणावं तर तसंही झालं नाही. मोठ्या बाईंनी फलक उतरवला आणि तिला लेखी खुलासा मागितला. पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचा निर्णय त्यांनी लांबणीवर टाकला. पंचेचाळीस पालकांनी सह्या करून अर्ज दिला, तेव्हा कुठे महिन्याभराने तो तिच्या बाजूने झाला. घरी जाऊ तिच्याशी अकरा दिवस बोलली नाही. ताट वाढायची, नजर वळवायची. बाराव्या दिवशी शाळा सुटताना ती आजारी मुलांच्या खोलीत आली, भिंगरीचा हात धरून.

"पंप कसा धरायचा ते मला दाखवा," ती म्हणाली. सिस्टरने दाखवलं. आधी श्वास पूर्ण सोडायचा, दाबताना हळू आत ओढायचा, दहापर्यंत मोजेस्तोवर धरून ठेवायचा. जावेने दोनदा करून पाहिलं. मग म्हणाली, "मला चार लोकांत खोटं पाडलंत, ताई. घरात सांगितलं असतंत तर मी ऐकलं नसतं, ते मला कळतं. पण तरी सांगायला हवं होतं."

"हो," सिस्टर म्हणाली. "हवं होतं."

वर्षअखेरच्या सभेत सिस्टरला पाच मिनिटं मिळाली. तिने टाकीबद्दल, साबणाबद्दल, लसींबद्दल सांगितलं. ताप असलेल्या मुलाला शाळा बुडेल म्हणून पाठवू नका, असं सांगितलं. ऐकताना बरेच जण घड्याळाकडे बघत होते. सभा संपल्यावर एक आई बाजूला येऊन कुजबुजली की निर्मळदादा हल्ली कुठे असतात, तिच्या मुलाला सतत सर्दी असते.

सिस्टर चिडली नाही. तिने मुलाला तपासलं, डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आणि मग त्या बाईला जे सांगितलं तेच या गोष्टीच्या वाचकालाही सांगण्यासारखं आहे. चमत्कार दिसला की ज्याच्यावर तो होतोय त्याला बाजूला काढून बघा. तरीही तो होत राहिला, तर तो त्याच्यावर होत नव्हताच. मूल खरंच बरं झालं असेल, तर त्या महिन्यात आणखी काय काय बदललं तेही विचारा. डॉक्टरांना न विचारता चालू औषध बंद करा म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि आपल्याला खरं माहीत असेल, तर कुणी विचारायची वाट बघत बसू नका. प्रश्न विचारले म्हणून कुठलंही खरं औषध काम करायचं थांबत नाही.